कोडिंग येत नसेल तर स्वतःच्या साइटला हात लावावा का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिलाच काढतोय, सांभाळून घ्या.

गुहागरजवळ आमचं घरगुती निवास-न्याहारी आहे. चार खोल्या, मागे पोफळी, समोर खाडी. साइट ६ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) करून दिली. तो आता बंगळुरूला असतो. फोन उचलतो, ‘बघतो काका’ म्हणतो आणि ते बघणं तिथेच राहतं. त्याला तरी काय बोलणार, त्याचा संसार वाढला. त्यामुळे दर बदलणं, फोटो टाकणं, ‘उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे’ हे ठळक करणं, सगळं माझं मीच करतो.

दोन वर्षांपूर्वी मला प्रत्येक पानाच्या तळाशी व्हॉट्सॲपचं बटण हवं होतं. कुठल्याशा साइटवर पाच-सहा ओळींचा कोड मिळाला. थीमच्या, म्हणजे साइटच्या दिसण्याच्या तयार साच्याच्या, फंक्शन्स.पीएचपी या फाइलच्या शेवटी चिकटवा, असं लिहिलं होतं. चिकटवला. बटण काही आलं नाही, पण साइटही बिघडली नाही. म्हटलं जाऊ दे, आणि विसरून गेलो.

गेल्या आठवड्यात सकाळीच एका पाहुण्यांचा फोन, साइट उघडत नाहीये. बघतो तर पांढऱ्या पानावर एकच इंग्रजी वाक्य, क्रिटिकल एरर आलाय म्हणून. लॉगिन करावं तर तिथेही तेच. एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे मे महिन्याच्या खोल्या भरायचे दिवस. पुतण्याच्या मित्राला चिपळूणहून बोलावलं. त्याने तासाभरात सुरू करून दिली, १५०० रुपये घेतले आणि निघताना म्हणाला, ‘काका, कोडिंग येत नाही तर हात कशाला लावता? आम्ही येऊन तुमच्या माडावर चढतो का?’

पैशांचं काही नाही, पण ते लागलं. साइट माझी, दर वर्षी होस्टिंगचे पैसे मी भरतो आणि तिला हात लावायचा नाही? की खरंच लावू नये? तुमचे अनुभव सांगा.

काळी_मैना

माडावर चढतो का :फिदी: मुलगा चिपळूणचा शोभतो.

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. या विषयावर अर्धविराम आणि हिरवी मिरची एका धाग्यात म्हणजे मेजवानी.

अर्धविराम

मुलाची भाषा सोडा, मुद्दा बरोबर आहे. १५ वर्षं हेच काम करतोय. माझ्याकडे येणाऱ्या बंद पडलेल्या साइटपैकी बऱ्याच मालकाने स्वतःच बंद पाडलेल्या असतात आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मी काहीच केलं नाही’. तुम्ही निदान कबूल तरी करताय.

वायरमनचं काम आपण करत नाही ना? मग हे का करायचं? फोटो, मजकूर, दर, हे तुमचं. पीएचपीची फाइल, म्हणजे साइट चालवणारा कोड, उघडणं तुमचं नाही. एवढी साधी रेघ आहे.

बाय द वे, त्या मुलाने एररची ओळ दाखवली का? असेल तर इथे टाका. साइटचा पत्ता आणि फोल्डरची नावं झाकून.

हिरवी_मिरची

वायरमनचं उदाहरण प्रत्येक धाग्यात येतं, म्हणून आधी तेच मोडते. विजेला हात लावला तर माणूस जातो. साइटला हात लावला तर साइट जाते, आणि ती परत आणता येते. आणता येत असेल तरच हात लावायचा.

माझी सांगलीची मसाल्याची छोटी साइट आहे. शिक्षण बीकॉम. पहिल्यांदा हात लावला तो शौक म्हणून नाही, किळस आली म्हणून. हौसेने विकत घेतलेली परदेशी थीम होती. इंग्रजीत काय देखणी दिसायची! मराठी मथळा टाकला आणि ‘कांदा लसूण मसाला’ची शिरोरेषा जागोजागी तुटली. कां वेगळा, दा वेगळा, म्हातारीच्या दातांसारखी फट. ज्याने थीम दिली त्याला विचारलं तर म्हणे मराठी फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, दुसरा घ्या. चार फॉन्ट बदलले. फट तिथेच.

शेवटी एका रात्री ब्राउझरमध्ये मथळ्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केलं. उजवीकडे याद्याच याद्या. एकेक ओळीपुढची खूण काढत गेले. लेटर-स्पेसिंग नावाच्या ओळीची खूण काढली आणि सगळी अक्षरं खटकन एकमेकांना चिकटली! थीम करणाऱ्याने इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून दोन पिक्सेलची जागा सोडली होती. रोमनमध्ये ती शोभा, देवनागरीत ती फट. मग कस्टमायझरमधल्या ‘ॲडिशनल सीएसएस’ या खान्यात (सीएसएस म्हणजे साइटचं फक्त दिसणं ठरवणाऱ्या ओळी) मथळ्यांसाठी लेटर-स्पेसिंग शून्य केलं आणि मात्रा वरून कापल्या जात होत्या म्हणून ओळींतली उंची थोडी वाढवली. दोन ओळी. तो खाना वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे २०१६ पासून तिथे आहे, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे चुकीचं लिहिलं तर फार तर साइट भुतासारखी दिसते, बंद पडत नाही. थीम अपडेट झाली तरी ते पुसलं जात नाही.

आता अर्धविराम, ही ओळ मी लिहायची नाही तर कुणी? इंग्रजी डोळ्यांना ती फट दिसतच नाही.

अर्धविराम

सीएसएसला माझी हरकत नव्हतीच. मी पीएचपी म्हणालो.

हिरवी_मिरची

‘साइटला हात लावू नका’ म्हणताना तो मुलगा, आणि तुम्हीही, असा फरक करून सांगत नाही, हीच माझी तक्रार आहे.

जुनाजाणता

जुन्या आठवणी जाग्या झाल्या. पीएचपीबीबी २ या फोरम चालवायच्या सॉफ्टवेअरचे दिवस. तेव्हा फोरमला एखादी सोय जोडायची म्हणजे ‘मॉड’ बसवायचा आणि मॉड म्हणजे निव्वळ एक टेक्स्ट फाइल. तिच्यात पाककृतीसारखं लिहिलेलं असायचं. ही फाइल उघडा. ही ओळ शोधा. तिच्याखाली हे घाला. सेव्ह करा. आमच्यातल्या कुणालाही पीएचपी येत नव्हतं, सगळे शोधा-घाला करत होते. पाचवा-सहावा मॉड बसवताना ‘ही ओळ शोधा’ म्हटलेली ओळ सापडायचीच नाही, कारण तिसऱ्या मॉडने ती बदललेली असायची. आणि सुरक्षेचं अपडेट आलं की सगळं पुसलं जाऊन पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कित्येक जण अपडेटच करत नसत, आणि मग एके दिवशी पहिल्या पानावर कुणा परक्याचा झेंडा.

पीएचपीबीबीने २०१४ मध्ये ३.१ आवृत्तीत एक्स्टेन्शन आणली आणि मूळ फाइलींना हात लावायची गरज उरली नाही. ड्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवाले तर त्याआधीपासून ओरडत होते, गाभ्याला हात लावू नका. थोडक्यात काका, नवशिके हात लावणारच हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी केव्हाच मान्य केलं आहे, म्हणून त्यांनी हात लावायच्या जागा वेगळ्या काढून ठेवल्या. वर्डप्रेसमध्ये ती जागा म्हणजे चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी आपली वेगळी थीम) किंवा स्वतःचं छोटं प्लगइन (साइटला वेगळा जोडायचा तुकडा).

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. त्यात इंग्रजीत आहे: अनकॉट एरर, अनडिफाइन्ड कॉन्स्टंट, मग अवतरणात ‘डब्ल्यूपी_फूटर’, फंक्शन्स.पीएचपी, ओळ २१४. तो म्हणाला होस्टिंगवाल्यांनी पीएचपी ७.४ वरून ८ केलं. पण माझा प्रश्न हाच की दोन वर्षं गप्प बसलेली ओळ आताच कशी उठली?

अर्धविराम

काका, जिंकलात. इतका नमुनेदार एरर बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. सावकाश सांगतो.

तुम्ही जिथून कोड घेतलात, त्या साइटने तो लेखाच्या मजकुरात तसाच छापला असणार. वर्डप्रेस मजकुरातल्या सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वाकडी, छापखान्यातली असतात तशी चिन्हं करतं. वाचायला छान, पण पीएचपीला सरळच लागतात. तुमच्या फोटोत शब्दाभोवती दोन-दोन अवतरणं दिसतील बघा. बाहेरची एररची, आतली वाकडी तुमची.

आता गंमत. पीएचपीला ते वाकडं चिन्ह अवतरण वाटतच नाही. इंग्रजी मुळाक्षरांपलीकडचं कुठलंही चिन्ह ते नावाचाच भाग समजतं. (म्हणूनच देवनागरी नावाचा व्हेरिएबल पीएचपीत बिनदिक्कत चालतो, करून बघा.) तेव्हा त्याला वाटलं, ‘वाकडंचिन्ह-डब्ल्यूपी_फूटर-वाकडंचिन्ह’ अशा नावाचा एक कॉन्स्टंट, म्हणजे ठरलेल्या किमतीला दिलेलं नाव, आहे. असा कॉन्स्टंट तर कुठेच नाही. ७.४ पर्यंतचं पीएचपी अशा वेळी मनात पुटपुटायचं, ‘याला बहुतेक शब्दच म्हणायचा असेल’, आणि पुढे जायचं. म्हणून साइट चालली. पण पानाच्या तळाशी काही जोडायची जी जागा वर्डप्रेसमध्ये आहे तिचं नाव नुसतं डब्ल्यूपी_फूटर. त्या विचित्र नावाची जागा नाही, म्हणून बटणही आलं नाही. पीएचपी ८ ने, म्हणजे नोव्हेंबर २०२० नंतरच्याने, हा समजूतदारपणा सोडला. आता तिथेच थांबतं.

तेव्हा ओळ पहिल्या दिवसापासून चुकीचीच होती. खपवून घेणारा होता तोवर खपली.

हाच प्रकार देवनागरी आकड्यांचा. मराठी कळफलक चालू राहिला आणि कोडमध्ये 10 ऐवजी १० पडलं की पीएचपी त्यालाही नावच समजतं. एका क्लायंटच्या फाइलमध्ये हा एक आकडा शोधायला मला अख्खी दुपार लागली होती. मराठी वाचणाऱ्या डोळ्याला त्यात चूक दिसतच नाही हो.

काळी_मैना

थोडक्यात, मिरचीताईंना फट दिसली आणि अर्धविरामांना १० दिसलं नाही. बरोबरी.

जुनाजाणता

यात माझी भर: नोटपॅड. इंग्रजीवाला फाइल एएनएसआयमध्येच (मराठी न मावणारी जुनी पद्धत) सेव्ह करायचा, त्याचं काही बिघडत नसे. आपण मराठी लिहिलेली फाइल तशी सेव्ह केली की सगळी प्रश्नचिन्हं. म्हणून आपण सगळ्या लिपी मावणारं यूटीएफ-८ निवडायचो. आणि जुन्या विंडोजचं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट (बीओएम) घालायचं. पीएचपीच्या आधी ते तीन बाइट बाहेर पडले की ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ आणि लॉगिन बंद. फाइल उघडून बघावी तर काही दिसत नाही! २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड सुधारलं, पण जुनी मशिनं ग्रामपंचायतीपासून वाचनालयापर्यंत अजून आहेत. नोटपॅड++ घ्या, फुकट आहे, आणि त्यात नुसतं ‘यूटीएफ-८’ निवडा, ‘यूटीएफ-८-बीओएम’ नको.

टाकेउसवे

२०२६ मध्ये हा धागा कशाला हवा? चॅटबॉटला सांगा, तो कोड लिहून देतो, सरळ अवतरणचिन्हांसकट. मी गेल्या महिन्यात माझ्या शिकवणीच्या साइटला फीचा फॉर्म असाच जोडला. एक अक्षर कळत नाही, पण चालतंय.

अर्धविराम

चालतंय हे कसं कळलं? फी भरणाऱ्यांची नावं आणि नंबर कुठे साठतात? पत्त्याच्या पट्टीत आकडा बदलला तर दुसऱ्याचा फॉर्म उघडतो का? बघा आणि सांगा.

टाकेउसवे

…उघडतोय.

फॉर्म काढून टाकला. तूर्त गूगल फॉर्म लावलाय. धन्यवाद म्हणू की शिव्या घालू कळत नाही.

हिरवी_मिरची

टाकेउसवे, प्रामाणिकपणाबद्दल दंडवत. माझीही रेघ इथेच आहे. दिसण्याचं मी करते. पैसे, पासवर्ड, गिऱ्हाइकांची माहिती जिथे येते तिथे मी शिकलेल्या माणसाला पैसे देते, आणि आनंदाने देते. चॅटबॉट मीही वापरते, पण उलटा. ‘कोड लिहून दे’ म्हणत नाही, ‘या पाच ओळी काय करतात ते सांग’ म्हणते. आणि मदत मागताना डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाइल त्याला किंवा कुणालाही चिकटवू नका, तिच्यात तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

अटलांटिककाठी

इकडे न्यू जर्सीतून. आमच्या मंडळाची साइट दर दोन वर्षांनी नव्या कमिटीच्या हाती जाते. जुन्या कमिटीतल्या कुणीतरी ‘मला येतं कोडिंग’ म्हणून थीममध्ये थेट बदल केलेले असतात. तो खरोखरच सॉफ्टवेअरमध्ये असतो, दिवसभर मोठ्या कंपनीत हेच करतो, पण इथे शनिवारी रात्री भेळ खात खात करतो आणि काय केलं ते कुठेही लिहून ठेवत नाही. एका दिवाळीत थीम अपडेट केली आणि तिकीटविक्रीचं पान गायब. कुणाचा बदल होता, का होता, कुणालाच सांगता येईना. तेव्हा येणाऱ्यांनीही बिघडवलंय, नुसतं न येणाऱ्यांच्या नावाने बोंब नको.

त्यानंतर आम्ही एक साधी वही केली. गूगल डॉक. तारीख, कुठली फाइल, आधी काय होतं, नंतर काय केलं, कुणी. तिच्यात सगळ्यात व्यवस्थित नोंदी एका आजींच्या आहेत, ज्यांना एचटीएमएल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. त्या आयुष्यभर बँकेत होत्या.

हिरवी_मिरची

आजींना माझा नमस्कार. माझं म्हणणं नेमकं हेच. मला कोड येत नाही, पण मला मागे येता येतं. हात लावण्याआधी मी इतकं करते: फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची प्रत. फक्त फाइलींची घेऊन उपयोग नाही, मजकूर सगळा डेटाबेसमध्ये असतो. ती प्रत माझ्या लॅपटॉपवर उतरवते, कारण प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणं म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं. आणि महिन्यातून एकदा ती प्रत एक्सॅम्पवर (लॅपटॉपवरच साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) उभी करून बघते. पहिल्यांदा उभी केली तेव्हा सगळी मराठी टोपीवाल्या रोमन अक्षरांची झाली होती. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि डेटाबेस आत घेताना मी त्याला लॅटिन समजायला लावलं होतं. ते रडगाणं लॅपटॉपवर झालं म्हणून ठीक. खऱ्या साइटवर झालं असतं तर ४०० पाककृती गेल्या होत्या.

अर्धविराम

मान्य. प्रत घेऊन ती परत उभी करून बघणारा मालक मला १५ वर्षांत क्वचितच भेटला. माझ्या धंद्यातले अनेक जणही घेतात आणि उभी करून बघत नाहीत. तुम्हाला ‘कोडिंग न येणारी’ म्हणणं बरोबर नाही.

पण एक दाखवतो, जिथे प्रत असूनही मोह आवरायला हवा. मराठी मथळ्यांच्या पत्त्यांचं. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० बाइटांची मर्यादा ठेवतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात लिहिताना नऊ अक्षरांचं होतं. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून २२ चिन्हं झाली की पत्ता मध्येच कापला जातो. ‘कोकणातली पावसाळ्यातली पंचपक्वान्नं’ असा मथळा दिला तर पत्ता ‘पंचपक्वान्नं’मधल्या ‘पं’वरच तुटतो. एका संपादकांनी डेटाबेसमधला तो रकाना वाढवला आणि वर्डप्रेसच्या मूळ फाइलमधला २०० चा आकडाही बदलला. छान चाललं. वर्डप्रेस २०१३ पासून किरकोळ अपडेट स्वतःच रात्री करून टाकतं. त्यात मूळ फाइल पूर्ववत झाली. मधल्या काळातले लांब पत्ते तसेच आणि नवीन पत्ते तुटके. दोन्हींचा मेळ घालता घालता नाकी नऊ आले. खरं तर उपाय दोन सेकंदांचा होता: पत्ता हाताने छोटा लिहायचा.

जुनाजाणता

आणि हात न लावणंही फुकट नसतं बरं का. २०११ मध्ये टिमथंब नावाच्या फोटो लहान करणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं. ती शेकडो थीममध्ये आत दडलेली. साइटच्या मालकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं, त्यांनी काहीही बदललं नव्हतं, आणि साइटी फुटल्या. ड्रुपलला २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तर सांगावं लागलं की दुरुस्ती आल्यावर सात तासांत केली नसेल तर साइट फुटली आहे असंच धरून चाला. आपल्याकडे सात तासांत कोण उठतो.

काळी_मैना

अवांतर: काका, ते बटण मग आलं का शेवटी?

अर्धविराम

बटणासाठी प्लगइन घ्या. हातानेच करायचं असेल तर ‘कोड स्निपेट्स’ प्लगइनमध्ये चिकटवा, फंक्शन्स.पीएचपीत नको. त्याला सेफ मोड आहे, ओळ बिघडली तर ती बाजूला ठेवून साइट उघडता येते. चिकटवण्याआधी अवतरणचिन्हं पुसून हाताने टाइप करा.

आणि एक राहिलं. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, असा क्रिटिकल एरर आला की साइटच्या ॲडमिनला आपोआप ईमेल जाते. त्यात एक दुवा असतो, तो दाबला की बिघडलेली गोष्ट बंद ठेवून तुम्ही आत जाऊ शकता. तुम्हाला ती ईमेल आली नाही का? सेटिंग्जमध्ये बघा, ॲडमिनचा ईमेल पत्ता कुणाचा आहे.

खाडीकाठ

उशीर झाला, घरी पाहुणे होते.

ईमेल पत्ता बंगळुरूच्या मुलाचाच आहे, ६ वर्षांपासून. त्याला फोन केला. म्हणाला, ‘हो काका, आली होती ती मेल, मला वाटलं स्पॅम आहे.’ म्हणजे १५०० रुपयांचं औषध त्याच्या मेलमध्ये पडून होतं. पत्ता बदलून माझा घातला. तो बदलताना त्याच्याकडूनच होस्टिंगचं लॉगिनही मागून घेतलं, तेही त्याच्याच नावावर होतं. आता तुम्ही हसाल, पण साइट ‘माझी’ म्हणत होतो ती आज माझी झाली.

मिरचीताईंनी सांगितलं तशा फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून पेनड्राइव्हवर घेतले. बायको म्हणाली तो पेनड्राइव्ह देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, तिथे कुणी उचकत नाही. अर्धविराम यांचं ऐकून पीएचपीच्या वाटेला गेलो नाही, बटणासाठी प्लगइन घेतलं.

मग मिरचीताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि आमच्या पहिल्या पानावरचं ‘खाडीकिनारी घरगुती मुक्काम’ चष्मा लावून बघितलं. सहा वर्षं बघतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. खा वेगळा, डी वेगळी. ॲडिशनल सीएसएसमध्ये ती एक ओळ टाकली. शून्य लिहिताना मराठी ० पडलं होतं, काही झालं नाही, म्हणून कळफलक बदलून पुन्हा लिहिलं. रेघ जोडली गेली. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे.

चिपळूणच्या मुलाला ते चित्र पाठवलं. त्याने अंगठा दाखवला, मग विचारलं, ‘काका हे कुठे बदललंत? आमच्या एका गिऱ्हाइकाच्या साइटला पण असंच होतंय.’

काळी_मैना

आता तुम्ही १५०० मागा :फिदी:

आणि लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, २० मेनंतर दोन खोल्या हव्या आहेत. मोदकांचं आदल्या दिवशी सांगेन.